आट्यांची खांदशेकणी

तो स्टड मी मोडला. आणि मोडल्यावर, ज्याचा त्यात काहीही दोष नव्हता त्या माणसाचं नाव पुढे केलं. हे आधीच लिहून टाकतो. कारण पुढे चांगल्या गोष्टी येणार आहेत, आणि चांगलं सांगता सांगता माणूस स्वतःला हळूच निर्दोष करून घेतो. मला ती सवय आहे.

अमरावतीत माझं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक ड्रिल मशीन, हवेचा कॉम्प्रेसर आणि दारात कायम उभे असलेले ट्रॅक्टर. अशा दुकानात बोटीचं काम येतं म्हटलं की बाहेरगावचे नातेवाईक हसतात. वऱ्हाडात कसली बोट? पण मोर्शीकडे अप्पर वर्धा धरणाचं भरलेलं पाणी ज्याने पाहिलं तो हसत नाही. ढगाळ दिवशी पलीकडचा काठ दिसत नाही तिथे. त्या काठावरच्या मच्छीमार संस्थेने कोकणातून एक जुनी डिझेल बोट आणली होती. पलीकडून जाळी आणि मासळी आणायची तर हाताने वल्हवत येईपर्यंत मासळी नरम पडते, म्हणून. या बोटीच्या धुराच्या नळीत पाणी सोडलेलं असतं, धूर थंड व्हावा यासाठी. त्यामुळे साधं लोखंड तिथे टिकत नाही, सडून जातं. इंजिनाला लागून असलेला वाकडा तुकडा, ज्याला आम्ही बेंड म्हणतो, तो असाच सडला. तेव्हा मीच म्हटलं, स्टेनलेसचा करून घेऊ, अकोल्याला माझा माणूस आहे.

त्याने केलेल्या बेंडच्या तोंडावर चार स्टड होते. स्टड म्हणजे एका टोकाने कायमचा बसवलेला आणि दुसऱ्या टोकाला आटे पाडलेला खुंट. त्या चारांवर पुढची नळी चढवायची आणि नट आवळायचे. काम एवढंच होतं.

आता पुन्हा ते पोळ्याचे दिवस आले आहेत. इतवाऱ्याच्या बाजारात झुली टांगल्या आहेत, गोंडे, घुंगरमाळा, रंगीत कासरे, चकाकणारी बेगड. तान्ह्या पोळ्यासाठी चाकं लावलेले लाकडी बैल फुटपाथवर रांगेत उभे आहेत, सगळ्यांचं तोंड रस्त्याकडे. बडनेऱ्याच्या रस्त्याने सकाळी दुकानात येताना दोन्हीकडे कपाशीची पऱ्हाटी कमरेला आलेली, सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या, आणि ओल्या काळ्या मातीचा तो जड वास. इतरांना या वासाने पोळ्याची करंजी आठवत असेल. मला एक आवाज आठवतो. नट किंचाळतो तो आवाज.

त्याचं असं आहे. आम्हा ट्रॅक्टरवाल्यांमध्ये एक रीत आहे, सायलेन्सरच्या नटांना तेल लावायचं नाही. तेल जळतं, धूर होतो, कास्तकार घाबरून अर्ध्या वाटेवरून ट्रॅक्टर परत आणतो. त्यामुळे ते नट कोरडेच चढवायचे आणि दाबून आवळायचे. माझ्या उस्तादांनी मला हेच शिकवलं, मी पुढच्यांना हेच शिकवलं. साध्या लोखंडाला ते चालतं. स्टेनलेसला चालत नाही. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आणि वेगाने घासलं की दोघांचीही कातडी सोलते, आणि आतला उघडा पडलेला धातू एकमेकाला चिकटून बसतो. मग तो नट पुढे जात नाही आणि मागेही येत नाही. हे मी कुठेतरी ऐकलेलं होतं. पण ऐकलेलं आणि हाताला माहीत असलेलं यात फरक असतो, आणि त्या दिवशी मी हाताचं ऐकलं.

धरणाच्या काठावर, बाभळीखाली, बोट वर ओढून ठेवली होती. संस्थेच्या अध्यक्ष वंदनाबाई शेजारी उभ्या होत्या. बोट त्याच चालवतात. काष्टा घालून सुकाणूजवळ उभ्या राहिल्या की पाण्यावरची माणसं आपोआप बाजूला होतात, असा त्यांचा दरारा. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी नुकतीच उठली होती आणि त्यांना बोट लगेच हवी होती.

"भाऊ, लवकर करा. तुमच्या नटापायी माह्या मासोळ्या म्हाताऱ्या होऊन राहिल्या."

सगळे हसले. मीही हसलो, आणि माझी कारागिरी दाखवायला गाडीतल्या छोट्या कॉम्प्रेसरवर चालणारी, नट आवळायची हवेची गन काढली. गर्रकन तीन नट चढले. चढताना किंचाळले, पण चढले. चौथा अर्ध्यावर बसला. मी गन बाजूला ठेवून पाना लावला. हलेना. पान्यात पाईप घातला आणि अंगाचा भार टाकला. एक बारीकसा आवाज झाला, सुकी काडी मोडावी तसा, आणि मी चिखलात गुडघ्यावर आलो. स्टड बुडातून तुटला होता. बाकीचे तीन नट सोडवायला गेलो तर तेही आटे सोलत बाहेर आले.

"मोडलं काय, भाऊ?" वंदनाबाईंनी विचारलं.

तेव्हा मी म्हणू शकत होतो, हो, माझ्या हाताने मोडलं. शब्द जिभेवर आलेही होते. पण भोवती माणसं होती, गुडघ्याला चिखल होता, आणि मघाचं हसू अजून सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"वेल्डिंग कच्ची हाय बाई," मी म्हणालो. "अकोल्यावाल्यानं मालच बेकार देल्ला."

तुटलेली जागा वेल्डिंगपासून बोटभर लांब होती. पण ते पाहतं कोण? वंदनाबाईंनी एकदा बेंडकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "दुसरी बोट येनार हाय, तिचा बेंडही त्यालेच देनार होतो. आता नाही देत बाप्पा," त्या म्हणाल्या. आणि मागून कोणीतरी, कोण ते मला आजही माहीत नाही, त्या अकोल्याच्या अशोकदादाच्या आडनावावरून एक वाक्य बोललं. त्याच्या लोकांचं काम असंच असतं, अशा अर्थाचं. दोन-तीन माना हलल्या. मी ते स्पष्ट ऐकलं. मी वाकून हत्यारं गोळा करत राहिलो.

अशोकदादा कोण ते सांगायला हवं. आम्ही दोघं अमरावतीच्या आयटीआयमध्ये एकाच शेडमध्ये होतो, तो माझ्या एक वर्ष पुढे. मी तिवसा तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, घरची जमीन भावाकडे ठेवून लोखंडात आलेला. तो अकोल्याचा, जठारपेठेत घर. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. वडील रेल्वेत होते. मेसचा डबा आम्ही अर्धा अर्धा खायचो, कारण पूर्ण कोणालाच परवडत नव्हता. मी इंजिनांकडे गेलो, तो वेल्डिंगकडे. स्टेनलेसवर आर्गन वायूच्या वेल्डिंगचा टाका घालताना त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. आणि टाका पडतो तो असा, ज्वारीच्या कणसात दाणे बसावेत तसा, एकाला एक लागून, एकही मागेपुढे नाही. त्या कामाला मी कच्चं म्हटलं होतं.

त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

"प्रभ्या, बाईंचा फोन होता. वेल्डिंग सुटली म्हनतात. खरं काय?"

"हो रे दादा. थोडीशी."

"थोडीशी कशी सुटते? सुटते तं सुटते, नाही तं नाही." मग जरा थांबून, "पाठव इकडे. पाहू दे मले."

"पाठवतो. पोळ्याच्या गडबडीत आहे जरा."

"पोळा बैलाचा असते. तुह्या घरी कोनता बैल हाय बे?" तो हसला. मी हसलो नाही. बेंड पाठवलाही नाही. त्याच्या हातात गेला की तो एका नजरेत सगळं वाचणार, हे मला ठाऊक होतं.

म्हणून मी तो बेंड स्वतःच दुरुस्त करायला घेतला. आधी भीतीने घेतला, हे खरं आहे. पण हात कामाला लागले की भीती मागे पडते, आणि ते दिवस आठवले की मला लाजेच्या बरोबरीने एक आनंदही आठवतो. तो लपवणंही खोटंच होईल.

सोललेले तीन स्टड आधी घेतले. तिकोनी बारीक कानसीने एकेक आटा साफ करायचा. आट्याच्या घळीत चिकटलेला धातूचा कण असा बसलेला असतो की वाटतं हा तिथलाच आहे. तो काढताना खालचा चांगला आटा दुखावता कामा नये. मग तेल घालून हाताने डाय, म्हणजे आटे पाडायची चकती, फिरवायची, थोडी पुढे, तेवढीच मागे, कचरा बाहेर, पुन्हा पुढे. एरवी मी रेडिओ लावून काम करतो. त्या दिवसांत बंद ठेवला, कारण डायचा आवाज ऐकायचा होता. नीट चालली तर ती हलकं कुरकुरते, चुकली तर दाटून येते. पहिल्या स्टडवर नवा नट बोटांनी फिरत फिरत तळाशी गेला, तेव्हा मी तो काढून पुन्हा चढवला. मग पुन्हा. शेजारच्या बॅटरीवाल्याने विचारलं, "काय खेळून राहिला भाऊ?" खेळतच होतो.

चौथा मात्र मोडलेला. त्याचं बुड ड्रिलने पोखरून काढायचं होतं. मी नेहमीच्या वेगाने ड्रिल लावलं. धूर निघाला, चकाकी आली आणि ड्रिल बोथट झालं. दुसरं लावलं, तेही गेलं. स्टेनलेसला नुसतं घासलं की ते चिडतं, वरचा थर आणखी कडक करून घेतं. त्याला धारदार ड्रिल लागतं, कमी वेग लागतो आणि हाताचा सारखा दाब लागतो. एकदा टेकवलं की मध्येच उचलायचं नाही. हे समजेपर्यंत माझं ड्रिल कडेला सरकलं होतं, भोक तिरकं गेलं होतं आणि त्या बाजूची भिंत पातळ झाली होती. आता मागच्या बाजूने भोक भरून, नवा स्टड बसवून आर्गनचा टाका घालणं एवढाच मार्ग होता.

अमरावतीत आर्गनवाले आहेत. मी एका चांगल्या माणसाकडे गेलो. त्याने बेंड उचलला, उजेडात धरला आणि जुन्या जोडावरून अंगठा फिरवला.

"हे कोनी केलं?"

"अकोल्याचा एक जण आहे."

"मंग त्याच्याचकडे न्या ना. ह्या टाक्याच्या बाजूले माहा टाका म्हंजे लग्नातल्या शालूले गोनपाटाचं ठिगळ." आणि त्याने बेंड माझ्या हातात परत दिला. ती स्तुती मी उन्हात उभा राहून ऐकली. ज्याच्या वाट्याची होती त्याला सोडून माझ्या कानात पडलेली.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर, दोन्ही बाजूंना हिरवं, मधूनच एखादा माणूस बैल धूत नाल्यात उभा. बेंड शेजारच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेला. वाटेत चार वेळा वाक्य जुळवलं. अकोल्यात शिरताना चारही विसरलो.

अशोकदादाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि बेंड फिरवून पाहिला. तुटलेल्या जागेवर नख लावलं.

"वेल्डिंग कुठं सुटली, प्रभ्या?"

मी गोणपाटाची घडी घालू लागलो.

"कोरडा आवळला?"

"हो."

"गननं?"

"हो."

"अन् मंग पाईप घातला असन."

"घातला."

"वा! काहीच बाकी नाही ठेवलं लेका." त्याने बेंड शिकंज्यात धरला. "परवा खांदशेकणी हाय. बैलाच्या खांद्याले हळद अन् लोनी चोळता ना तुमी कास्तकाराची पोरं? काहून चोळता?"

"वर्षभर जू घासते म्हणून."

"अन् आट्याले कोरडंच जुंपता!"

मी तोंड उघडलं. मला माफी मागायची होती, तिथेच, त्या शेडमध्ये, जिथे आम्ही दोघंच होतो. त्याने हात वर केला.

"मले सांगून काय फायदा? मले तं मालूमच हाय. ज्याइले मालूम नाही त्याइले सांग. जवा सांगशीन तवा सांग, मी कोनाले सांगाले जानार नाही. आता धर इकडून."

मी धरलं. पुढचे काही तास आमच्यात कामाशिवाय एक शब्द नव्हता, आणि तरी इतक्या वर्षांत आम्ही इतकं एकत्र काम केलं नव्हतं. मी लेथवर नवा स्टड कातला, तो त्याने मापला आणि माझ्याकडे परत फेकला, "अजून केसभर." पुन्हा कातला. भोक साफ केलं, स्टड काटकोनात उभा केला. त्याने मुखवटा खाली ओढला. पांढरीनिळी ज्योत पेटली आणि काळ्या काचेतून मला तो लहानसा वितळलेला थेंब दिसला, त्याच्या हाताच्या आज्ञेत पुढे सरकणारा. थंड झाल्यावर जुना टाका कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते मला सापडेना. मग त्याने एक डबी उघडली. आटे चिकटू नयेत म्हणून लावायची राखाडी पेस्ट. चारही स्टडना त्याने ती बोटाने चोळली, घळीघळीतून, अगदी बुडापर्यंत.

"नट बोटानं तळाले गेला पाहिजे. बोट अडलं का थांबाचं. पान्याले काय समजते? त्याले फक्त ताकद मालूम."

चारही नट बोटांनी तळाला गेले. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता त्या चार नटांकडे पाहत राहिलो, आणि त्याने माझ्या पाठीवर एक जोराची थाप मारली. माफीची नव्हती ती. काम जमल्याची होती.

निघताना मी त्याला म्हटलं, खांदशेकणीला, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, तूही चल धरणावर. "मले कोनं बोलावलं?" तो म्हणाला. "मी," मी म्हणालो. तो आला.

तिथे वेगळाच थाट होता. संस्थेच्या लोकांकडे बैल नाहीत, पण त्यांचा पोळा असतो. बोट धुऊन काठाला लावलेली, नाकाला गोंडे बांधलेले, कडेने बेगड. "आमचा बैल हाच," वंदनाबाई म्हणाल्या आणि पळसाच्या पानाने हळद-लोणी बोटीच्या दोन्ही खांद्यांवर चोळलं, जिथे दोर घासून घासून लाकूड झिजलं होतं. मी बेंड बसवला. बोटांनी नट चढवले, शेवटी पान्याने, हळू, चारही सारखे. हवेची गन गाडीतच होती.

वंदनाबाईंनी इंजिन सुरू केलं. आधी नुसता गुरगुराट, मग मागच्या नळीतून धुराचा एक पांढरा लोट आणि त्याच्यामागे पाणी, फचक, फचक, एका लयीत. जोडातून धूर नाही, थेंब नाही. बोट काठ सोडून वळली, सरळ झाली, आणि बाईंनी वेग दिला तशी तिच्या मागे पांढरी रेघ उमटत गेली. काठावरची माणसं ओरडत होती, पोरं पाण्यात उड्या मारत होती, एक म्हातारे गृहस्थ तर टोपी उडवून ती शोधत होते. मी अशोकदादाकडे पाहिलं. तो बोटीकडे पाहत नव्हता. डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होता, आणि त्याचे ओठ हसत होते. कारागिराला याहून मोठं काय मिळतं, मला माहीत नाही. त्या आवाजात माझा वाटा होता, आणि त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला. तो आजही वाटतो.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवटी एकच गोष्ट उरेल. दुसऱ्या बोटीचा बेंड अशोकदादानेच केला. तो बसवायला मी गेलो होतो. माझ्या दुकानात ती राखाडी पेस्टची डबी आता ड्रिलशेजारी असते. काही महिने दादाचा फोन आला नाही. मग आला, आणि त्याने फक्त विचारलं, "तुह्या लेथचा पट्टा आवाज करते का रे अजून?" परवा पुन्हा आला. दादा येतो आहे पोळ्याला.

तर त्या संध्याकाळी. बोट परत काठाला लागली. वंदनाबाई उतरल्या, कोणीतरी ताटात नारळ आणि दुपट्टा आणला, आणि त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सगळे गोळा झाले. दुपट्टा माझ्या खांद्यावर टाकायला हात वर करता करता त्या अशोकदादाकडे वळून थट्टेने म्हणाल्या, "आता तरी वेल्डिंग पक्की करत जा, भाऊ. दर वेळेस हे भाऊ नाही येनार दुरुस्त कराले."

लोक हसले. अशोकदादा म्हणाला, "हाव बाई." एवढंच. आणि पाण्याकडे पाहू लागला.

मी दुपट्टा खांद्यावर पडायच्या आधी हातात धरला. 

"थांबा बाई. हा माझा नाही. त्या दिवशी वेल्डिंग सुटली नव्हती. स्टड मी मोडला. कोरडा आवळला, गननं आवळला, वरून पाईप घातला. तुम्ही विचारलं तवा मले लाज वाटली, म्हणून मी याचं नाव घेतलं. याच्या कामात तवाही खोट नव्हती अन् आजही नाही. आज बोट चालली ती याच्या टाक्यानं चालली." मला वळून त्याच्याकडे पाहावं लागलं, कारण पुढचं त्याच्यासाठी होतं. "अन् दादा, त्या दिवशी इथं कोणी तुझ्या आडनावावरून बोललं. मी ऐकलं. मी चूप राहिलो, कारण माझं खोटं त्याच्यानं पक्कं होत होतं. स्टड मोडला ती चूक होती. हे चूप राहणं ही चूक नव्हती, हे मी समजून-उमजून केलं. या सगळ्याइच्या समोर तुझी माफी मागतो. मले माफ कर, दादा."